शेजारणीचा जबडा

“दुखलं तर डावा हात वर करायचा. बोलायचं मात्र नाही.”

हा आवाज माईंच्या कानात कधीपासून मुक्काम ठोकून आहे. तेव्हा त्या माई नव्हत्या. बहिणींच्या रांगेतली मधली पोरगी होत्या, आणि एका गालाची पिशवी करून दंतवैद्यकाच्या कॉलेजातल्या खुर्चीत आडव्या पडल्या होत्या. आवाजाचा मालक शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. कोट अंगापेक्षा मोठा, घाम कोटापेक्षा मोठा, आणि हातातला चिमटा असा धरलेला, की पाहणाऱ्याला वाटावं चिमट्यानेच याला धरलंय.

दाढ निघाली तेव्हा माईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायाची बोटं चपलेत आवळली. पण डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून तसूभर हलला नाही. त्याचं कारण असं, की ऐन झटापटीत माईंनी एकदा डोळे उघडले होते आणि तो पोरगेला डॉक्टर स्वतःच इतका घाबरलेला दिसला होता, की त्याला आणखी घाबरवणं त्यांच्या जिवावर आलं. मग दाढ चिमट्यात आली. त्याने ती उजेडाकडे धरली आणि असा हसला, जसं झाडावरचं पहिलं फूल त्यालाच मिळालंय.

“दुखलं?”

माईंनी तोंडातल्या कापसासकट मान हलवली. नाही.

त्या एका ‘नाही’वर पुढे लग्न झालं, संसार झाला, दवाखाना उभा राहिला. ‘हलक्या हाताचे डॉक्टर’ म्हणून नानांचं नाव झालं. कुणीही विचारो, नाना सांगायचे, “माझी पहिली दाढ मी हिची काढली. हूं की चूं नाही! हात वर केला नाही हो बाईने. तिथेच मला कळलं, आपल्या हातात काहीतरी आहे.” मग माई चहाचे कप उचलून आत जायच्या. कप आत नेण्यासारखं सोयीचं काम जगात दुसरं नाही.

*

आता नाना म्हातारे झाले होते, आणि म्हातारपणी त्यांनी एक सुंदर कल्पना काढली. जिथली पहिली दाढ काढली, त्याच रिकाम्या जागी शेवटचा दात बसवायचा. हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. “इम्प्लांट म्हणतात लोक. मी म्हणतो परतफेड.” असं म्हणून त्यांनी माईंना पुन्हा खुर्चीत घातलं. पुन्हा तेच वाक्य झालं, पुन्हा डावा हात दांड्यावर गप्प पडून राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला. बशीवर कप वाजायला लागला. नानांनी नवे स्क्रू बसवणं सोडलं. आता फक्त जुने पेशंट तपासायचे, आणि बाकीचा वेळ भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीपुढे उभं राहायचं.

त्या पाटीवर एकच एक्स-रे फोटो होता, नखापेक्षा थोडा मोठा. माईंच्या दाताचा. दवाखान्यात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस आधी तिकडे नेला जाई.

“हे बघा. दोन्ही बाजूंनी हाड कसं स्क्रूच्या गळ्यात हात टाकून बसलंय! माझा स्क्रू मी अंधारात ओळखेन.”

आणि माई? माई डाव्या बाजूने चावत होत्या.

सकाळी उठलं की तोंडात खारट चव. ब्रशला गुलाबी रंग. टोस्टचा कोपरा चुकून उजवीकडे गेला, तर जबड्यात आतल्या आत कुणीतरी कण्हल्यासारखं. सफरचंद त्या किसून खायला लागल्या.

“किसून का गं?” नानांनी एकदा विचारलं.

“चव जास्त लागते.”

“असं होय,” म्हणाले नाना, आणि त्या दिवसापासून तेही किसून खायला लागले. असा माणूस! त्याला काय सांगणार? भिंतीवरचा तो एक फोटो उतरला असता, तर त्याच्यामागोमाग नानाही भिंतीवरून उतरले असते. माईंनी ठरवलं, दुखणं आपलं आहे, आपल्याच घरात राहील. पण दुखणं ऐकेना. ते हळूहळू पाय पसरत होतं, आणि कधीतरी हाडाची पुरती वाट लावून दातासकट बाहेर पडेल, ही भीती माईंच्या उशाशी येऊन बसली होती.

*

नानांची लेक वरच्या मजल्यावर. म्हणजे दवाखाना खाली, आणि वर तिचं फोटोंचं केंद्र. दातांचे आणि जबड्यांचे फोटो काढायचे, वाचायचे, यातली ती मोठी डॉक्टर. बाहेर मान होता, घरात नाव होतं बेबी. डोक्यात पांढरा केस डोकावला तरी बेबीच.

बेबीचं आणि नानांचं एका गोष्टीवरून रोज वाजायचं. इम्प्लांटच्या भोवतीचं हाड झिजतंय की नाही, हे दरवर्षी कशाने बघावं?

“तुमची छोटी फिल्म म्हणजे खांबाला समोरून बघणं, नाना,” बेबी म्हणायची. “डावी-उजवीकडची भिंत दिसते. पण खांबाच्या पुढे काय, मागे काय? स्क्रू धातूचा. त्याच्या सावलीत गालाकडचं आणि जिभेकडचं हाड लपून बसतं. माझं थ्रीडी मशीन पावासारखे काप करतं. कुठूनही बघा.”

“आणि पावाला काजळी लागते ती?” नाना. “धातू दिसला की तुझं मशीन बावचळतं. स्क्रूभोवती काळे पट्टे ओढून ठेवतं. तुला वाटतं हाड गेलं. अगं, हाड आपलं जागच्या जागी, तुझ्या मशीनचे डोळे दिपलेत.”

“मग फिरता फोटो घ्या. दोघांचंही राहू दे,” बेबी मुद्दाम चिडवायची.

“फिरता फोटो!” यावर मात्र बापलेकीचं एकमत होतं. ते यंत्र डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालतं आणि सगळा जबडा एका पट्टीत दाखवतं. “म्हणजे अख्खी गल्ली दिसते,” नाना म्हणायचे, “पण कुणाच्या घरात भांडण चाललंय ते कळत नाही.”

हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालायचं. मध्ये माई, डाव्या बाजूने चावत. दोन दातांचे डॉक्टर हाडं, सावल्या, भिंती यांवर तावातावाने बोलत, आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर एक खरंखुरं तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्यात डोकावायचं दोघांच्याही मनात येत नव्हतं. त्याचा फोटो होता ना भिंतीवर!

शेवटी बेबीनेच तोड काढली. “नाना, पैज. डुकराचे जबडे आणू. माणसाच्या जबड्याशी बरेच मिळतेजुळते असतात.”

“हे तुझ्या आत्याला सांगू नकोस. ती त्याचा अर्थ माझ्यावर घेईल.”

“त्यात तुम्ही स्क्रू बसवा. मग काहींच्या भोवतीचं हाड कोरून काढायचं, काही तसेच ठेवायचे. सगळ्यांचे तिन्ही प्रकारचे फोटो. तुम्ही फक्त छोटी फिल्म बघून सांगायचं, मी फक्त थ्रीडी बघून. फिरता फोटो मध्ये पंच म्हणून. जो जिंकेल त्याच्या पद्धतीने पुढच्या महिन्यापासून सगळ्या पेशंटची तपासणी.”

“कबूल. पण कोरणार कोण? तू कोरलंस तर तुला माहीत, मी कोरलं तर मला.”

दोघांनी एकदम मान वळवली. माई वरण वाढत असल्यासारख्या गंभीरपणे पाणी वाढत होत्या.

त्यांच्याकडे वळणं चुकीचं नव्हतं. उभं आयुष्य माईंनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे दात घासले होते, कवळ्यांच्या कडा गोल केल्या होत्या. कोरायचं छोटं यंत्र हातात धरायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“मी कोरीन,” माई म्हणाल्या. “पण एक अट. कुठे कोरलंय ते कागदावर लिहिणार नाही. तुम्ही दोघं कागद शोधून काढाल. तुमची जात मी ओळखते.”

“मग लक्षात कसं ठेवशील?”

“ते माझं मी बघेन.”

*

कोपऱ्यावरच्या कसायाने जबडे बांधून देताना माईंकडे संशयाने पाहिलं. “माई, यात खायला काही नाही हो. नुसते दातच दात.”

“दातांसाठीच नेतेय. डॉक्टरांना हवेत.”

“काढायला?”

“बसवायला.”

कसाई सुरी पुसत राहिला. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं, की डॉक्टर आता डुकरांना दात बसवतात. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन दवाखान्यात येऊन बसले. नानांनी त्यांनाही उजेडाच्या पाटीपुढे नेलं.

स्क्रू नानांनी बसवले. हात कापत होता, पण “डुकराला काय कळतंय” असं म्हणत त्यांनी पाच जबड्यांत पाच स्क्रू बसवले. एक थोडा तिरका गेला, तेव्हा “याची हाडंच वाकडी” म्हणून त्यांनी डुकरावर खापर फोडलं. पण त्या दिवशी बऱ्याच काळाने ते कामात गुणगुणत होते. दाराआडून माईंनी ते ऐकलं, आणि तोंडातली खारट चव गिळून टाकली.

मग मागच्या खोलीत माई आणि पाच जबडे. माईंनी दाराला कडी घातली, पदर खोचला आणि आधी सगळ्यांची नावं ठेवली, कारण नाव नसलेल्या माणसाचं गुपित ध्यानात राहत नाही. थोरली जाऊ, धाकटी जाऊ, नणंद, विहीण आणि मावशी. प्रत्येकीच्या कपाळाला नावाची चिकटपट्टी लावली. नणंदेच्या दातात कसायाकडची सुतळी अडकली होती, ती काढली. यंत्र घुरघुरायला लागलं, आणि त्याच्या सुरात सूर मिसळून माई ओवीच्या चालीवर बांधत गेल्या. आईकडून आलेली खोड होती ती. आईने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. वाण्याच्या यादीपासून जावेच्या टोमण्यांपर्यंत सगळं तिने गाण्यात घालून ठेवलं होतं.

*थोरली जाऊबाई, दारी उभी ताठ*
*गालाला पडली वाट, कुणा दिसेना.*

म्हणजे गालाकडची भिंत कोरली. डावी-उजवीकडची तशीच ठेवली.

*धाकट्या जाऊबाईला, नाही लावला हात*
*हाडात रुतला दात, सुखाने नांदे.*

नणंदेचं दोन्ही बाजूंनी कोरलं, जरा हौसेनेच. विहिणीचं जिभेकडून. मावशीला हात लावला नाही. मावशीला कोण हात लावतं? सगळ्या ओव्या पुन्हा एकदा म्हणून झाल्या, यंत्र थांबलं, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत माईंच्या उजव्या जबड्यातून एक कळ अशी गेली, की त्यांनी मावशीच्याच कपाळावर हात टेकला.

आणि तिथे, त्या पाच बायकांच्या साक्षीने, माईंच्या डोक्यात सहावी आली.

*शेजारीण माझी बाई, गालात हसते*
*एका अंगाने चावते, कुणा सांगेना.*

*

जबडे घेऊन माई वर गेल्या तेव्हा बेबी बाहेर होती. तसंच ठरलं होतं. फोटो काढणारी बाई, जिला सगळे फोटोवालीच म्हणत, तिने पाचही जणींना एकेक करून यंत्रात बसवलं. फिरत्या यंत्राच्या हनुवटीच्या पट्टीवर नणंद बसेना. तिला रबरबँडने बांधलं. यंत्राने नणंदेभोवती मान राखून प्रदक्षिणा घातली.

“झाल्या पाच,” फोटोवाली म्हणाली.

“सहावी राहिली.” माईंनी चष्मा काढला, कानातलं काढलं आणि हनुवटी पट्टीवर टेकवली.

“अहो माई!”

“बेबीला सांगायचं नाही. माझं नाव घालायचं नाही. घाल ‘शेजारीण’. तिन्ही फोटो काढ, आणि सगळ्यांसारखाच स्क्रूपुरता तुकडा कापून ठेव, आजूबाजूचे दात नकोत.”

“पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मला—”

“डॉक्टरची बायको. डॉक्टरची आई. आणखी किती चिठ्ठ्या हव्यात तुला?”

फोटोवालीने हार मानून शिशाचा जड कोट माईंच्या खांद्यावर चढवला. “हलू नका. गिळू नका.”

“त्या पाचजणींना कोट नव्हता घातलास.”

“त्यांचं आता काय जाणार होतं, माई?”

माई हलल्या नाहीत, गिळल्या नाहीत. यंत्र गुणगुणत त्यांच्या भोवती फिरलं. त्यांच्या मनात हिशेब सोपा होता. दोघंही नाव न कळता बघतील, म्हणजे खरं बोलतील. दोघंही ‘ठीक’ म्हणाले, तर कळ मनाची आहे असं समजायचं आणि सफरचंद किसत राहायचं. दोघांनीही ‘बिघडलंय’ म्हटलं तर… त्याच्या पुढची ओवी त्यांना सुचत नव्हती.

*

रविवारी दुपारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पडदे ओढले. भिंतीवर फोटो मोठे होऊन पडणार होते. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बेबी कंबरेवर हात देऊन उभी. फोटोवाली कोपऱ्यात, शक्य तेवढी बारीक होऊन. आणि पहिल्या रांगेत कसाई, कारण “माल माझा आहे, निकाल मला कळायला पाहिजे.”

माई नानांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

“थोरली जाऊ!” बेबीने पुकारलं.

नानांनी फिल्म पाहिली. मान तिरकी केली. “दोन्ही बाजू भक्कम. शाबूत.”

बेबीने काप मागेपुढे सरकवले. “गालाकडची भिंत गायब.”

माईंनी घसा साफ केला आणि ओवी म्हटली. गालाला पडली वाट, कुणा दिसेना. कसायाने मांडीवर थाप मारली. “डॉक्टर, जाऊबाईने फसवलं की!”

“फिल्ममध्ये दिसतच नाही,” नाना पुटपुटले.

“तेच तर मी कधीची सांगतेय,” बेबी म्हणाली, आणि जरा जास्तच गोड हसली.

ते हसू धाकट्या जावेपाशी मावळलं. बेबीला तिथे स्क्रूला खेटून काळीशार पोकळी दिसत होती. “गेलंय, बरंच गेलंय.” नाना म्हणाले, “हिला काही झालेलं नाही.” माईंची ओवी आली, सुखाने नांदे, आणि नाना खुर्चीतून अर्धे उठले. “काजळी! म्हटलं नव्हतं? धडधाकट बाईला आजारी पाडलंस!”

नणंद दोघांनीही ओळखली. तिचं तर फिरत्या फोटोतसुद्धा दिसत होतं.

“नणंदेचं कुणापासून लपत नाही,” कसाई म्हणाला. त्याच्या बायकोला तीन नणंदा होत्या.

विहिणीचं जिभेकडचं भोक नानांना दिसलं नाही, बेबीला दिसलं. मावशीत बेबीने पुन्हा नसलेली पोकळी शोधली, आणि नानांनी मावशीला दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला. पाचजणी संपल्या तेव्हा बापलेक बरोबरीत होते. दोघंही जिथे जिंकायला हवं तिथे जिंकले होते, आणि जिथे हरू नये तिथे हरले होते.

“बरोबरी म्हणजे काहीच नाही,” नाना म्हणाले.

“थांबा,” बेबी यादीकडे बघत म्हणाली. “इथे आणखी एक आहे. शेजारीण? माई, सहावी कधी आणलीस?”

“शेवटी आणली.”

कसाई बोटं मोजायला लागला. “माई, मी पाचच—”

“लाव फोटो,” माई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा आला. फोटोवाली पडद्याच्या घडीत शिरली.

भिंतीवर शेजारीण उमटली. नाना उठून जवळ गेले. चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा नाकावर आणला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, चिमट्यात पहिली दाढ धरून उजेडाकडे पाहणाऱ्या पोराचं.

“वा! याला म्हणतात काम. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. हाड कसं गळ्यात हात टाकून बसलंय! ज्याने हा बसवला, त्याचा हात त्या दिवशी अजिबात कापला नसणार. शाबूत. सोळा आणे शाबूत.”

माईंनी डोळे मिटले. अंधारात ओळखणार होते!

“बेबी?” नाना म्हणाले.

बेबीने काप सरकवले. एक काप पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. “मला इथे गालाकडची भिंत दिसत नाहीये. वरून जवळजवळ अर्ध्यापर्यंत. आणि पट्ट्यासारखं सरळ नाही. वाडग्यासारखं खोलगट.”

“काजळी.”

“नाना, काजळी अशी नसते.”

“धाकट्या जावेच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस. मावशीच्या वेळीही. तुझ्या मशीनला सगळ्या जगात भोकंच दिसतात!”

“आणि तुमच्या फिल्मला कधीच कुणाचं दिसत नाही! थोरली बघा, विहीण बघा—”

“विहीण काढू नकोस!”

“थांबा की दोघं,” कसाई म्हणाला. “माई इथेच बसल्यात ना? ज्यांनी कोरलं त्यांना विचारा.”

नाना वळले. जिंकायच्या बेतात असलेल्या माणसाचा चेहरा माईंच्या समोर आला, ओला, उजळ, पोरकट.

“सांग गं. शेजारणीची ओवी म्हण. हिच्या गालाकडे तू यंत्र लावलंस?”

“नाही,” माई म्हणाल्या. “हिला मी कोरलेलं नाही. माझ्या हाताचा ओरखडाही नाही.”

“बघा!” नानांनी दोन्ही हात हवेत फेकले. “जिंकलो! उद्यापासून सगळे पेशंट छोट्या फिल्मवर! हाड शाबूत होतं, शाबूत आहे आणि—”

ते थांबले. कारण खोलीत आणखी एक हात वर झाला होता.

माईंचा. डावा.

कसायाला वाटलं, माई टाळी द्यायला हात पुढे करतायत. बेबीला वाटलं, काही विचारायचंय. नाना मात्र त्या हाताकडे बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी हे वाक्य किती माणसांना सांगितलं होतं, आणि किती हात असे वर होताना पाहिले होते. हा एकच हात त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“दुखतंय,” माई म्हणाल्या. “ही शेजारीण मीच आहे. बरेच महिने झाले.”

*

पडदे उघडले. फोटोवालीने एका दमात सगळं कबूल केलं आणि रडली. कसायाने तिला आपला रुमाल दिला, त्याला कापलेल्या मांसाचा वास होता, म्हणून ती लगेच थांबली.

माईंना आतल्या खुर्चीत आडवं केलं. बेबीने दिवा ओढला, आरसा घातला, आणि बारीक, बोथट टोकाची सळई हिरडी आणि दात यांच्या मधून अलगद खाली सोडली. सळई जायची तेवढी गेली आणि आणखी गेली. बाहेर आली ती लाल.

“आधी हे करायचं असतं,” बेबी हळू आवाजात म्हणाली. “आधी हिरडी बघायची, विचारायचं, मग फोटो. हे मी रोज दुसऱ्यांना शिकवते, नाना. आणि घरात आपण दोघं…”

“आपण फोटो बघत होतो,” नाना म्हणाले.

ते खुर्चीच्या बाजूला स्टुलावर बसले होते. कापणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता, जसं एखाद्याने खोडकर मुलाला धरावं. “माझ्या हातामुळे झालं ना?”

“ती जागा किती वर्षं रिकामी होती,” बेबी म्हणाली. “गालाकडचं हाड तिथे आधीच पातळ झालेलं असणार. नीट साफ करू, पोकळी भरू. वाचेल बहुतेक. ही मात्र वेळेवर बोलली असती तर…”

“मला बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं,” माई आरशासकट म्हणाल्या. “हात वर करायचा, बोलायचं नाही.”

“मग हात तरी वर करायचा, माई!”

माईंनी नानांकडे पाहिलं. नाना भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीकडे पाहत होते. मग ते उठले, पाटीची कळ दाबून दिवा विझवला, फोटो काढला आणि बेबीच्या हातात दिला. “तुझ्या फोटोशेजारी ठेव. लोकांना दोन्ही दाखव. म्हणावं, एकटा कुणीही पुरत नाही.” आणि परत येऊन स्टुलावर बसले. पडले मात्र नाहीत. माईंना वाटलं होतं तसे भिंतीवरून खाली वगैरे आले नाहीत. थोडे वाकून बसले, एवढंच.

बेबीने सुई भरली. “मी करते साफ. नाना, तुम्ही हिच्याजवळ बसा.”

नानांनी माईंचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला आणि आपल्या हातात घेतला. मग त्यांनी घसा खाकरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, पण आज अगदी भीत भीत म्हणाले,

“दुखलं तर… या वेळी बोल बाई. हात माझ्याकडे आहे.”

“बोलू?”

“बोल.”

“त्या पहिल्या दाढेला,” माई म्हणाल्या, “फार दुखलं होतं हो.”